सेंद्रिय स्फटिकाचा पहिला कण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तापावरची गोळी, साखरेचा दाणा, चॉकलेटची वडी, रवाळ तूप या सगळ्यांची सुरुवात मोजक्या रेणूंच्या एका पुंजक्यापासून होते. हा पुंजका एक-दोन नॅनोमीटरचा असतो. एका मिलीमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर मावतात. तो किती लवकर बनला, कशाच्या आधाराने बनला आणि आत रेणू कोणत्या मांडणीत बसले, यावर पुढच्या स्फटिकाचे बरेच काही ठरून जाते. रसायनशास्त्राचे विद्यार्थी, औषध कंपन्यांत नव्याने लागलेली मुले आणि साखर कारखान्यातले जाणकार हे प्रश्न नेहमी विचारतात. उत्तरे सारख्या लांबीची नाहीत. जिथे गुंता जास्त आहे तिथे जास्त थांबलो आहे.

सेंद्रिय स्फटिक म्हणजे कोणते? मिठापेक्षा ते वेगळे कसे?

साखर, कापूर, डांबराच्या पांढऱ्या गोळ्यांतले नॅप्थालीन, पॅरासिटॅमॉल, पुदिनाफूल म्हणजेच मेंथॉल, ओवाफूल म्हणजेच थायमॉल, तुपातले घट्ट स्निग्ध पदार्थ ही सगळी सेंद्रिय रेणूंची स्फटिके. मिठात सोडियम आणि क्लोराइडचे आयन विद्युतभारामुळे एकमेकांना घट्ट धरून असतात. सेंद्रिय रेणूंमध्ये ही धरपकड हायड्रोजन बंध आणि व्हॅन डर वाल्स आकर्षणाची असते, आणि ती बरीच सैल असते. म्हणून मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात आणि मेंथॉल ४२ ते ४५ अंशांनाच वितळते.

दुसरा फरक आकाराचा. आयन गोल असतो, तो कोणत्याही बाजूने येऊन बसला तरी चालते. साखरेचा रेणू ४५ अणूंचा, वेडावाकडा आणि स्वतःतच वळू शकणारा. त्याला योग्य जागी, योग्य बाजूने आणि योग्य वळणात बसावे लागते. म्हणूनच सेंद्रिय स्फटिक बनायला वेळ लागतो आणि त्यात चुकाही जास्त होतात.

ही पकड किती नाजूक आहे ते अमृतधारा बनवताना दिसते. ओवाफूल, पुदिनाफूल आणि कापूर तिन्ही कोरडे आणि घन असतात. एका बाटलीत घालून हलवले की थोड्याच वेळात त्यांचे पाणी होते. मिश्रणात प्रत्येक रेणूच्या रांगेत परके रेणू घुसतात, मिश्र द्रव जास्त स्थिर ठरतो आणि वितळणबिंदू खोलीच्या तापमानाखाली उतरतो.

द्रावण संपृक्ततेच्या, म्हणजे विरघळण्याच्या मर्यादेच्या, पुढे गेले तरी स्फटिक लगेच का पडत नाहीत?

कारण सुरुवातीचा पुंजका तोट्यात असतो. रेणू एकत्र आले की आतल्या रेणूंना शेजारी मिळतात आणि ऊर्जा कमी होते. पण पृष्ठभागावरच्या रेणूंना एका बाजूने शेजारीच नसतात, त्यामुळे प्रत्येक पृष्ठभागाला ऊर्जेची किंमत मोजावी लागते. लहान पुंजक्यात बहुतेक रेणू पृष्ठभागावरच असतात, म्हणून तो वाढण्यापेक्षा विरघळून जाण्याची शक्यता जास्त. विशिष्ट आकार ओलांडला की आतला फायदा बाहेरच्या खर्चापेक्षा वेगाने वाढू लागतो. त्या आकाराला क्रांतिक आकार म्हणतात, तो ओलांडलेल्या पुंजक्याला बीजकण आणि तिथवर पोचण्याच्या प्रक्रियेला न्यूक्लिएशन.

आकडे घातल्याशिवाय या गोष्टीचे गांभीर्य कळत नाही, म्हणून एक उदाहरण करून बघू. रेणूचे आकारमान ०.२ घन नॅनोमीटर, स्फटिक आणि द्रावण यांच्यामधला पृष्ठताण (म्हणजे पृष्ठभागाची ती किंमत) १० मिलीजूल प्रति चौरस मीटर आणि तापमान २५ अंश धरू. हे मध्यम आकाराच्या सेंद्रिय रेणूला शोभणारे आकडे आहेत. द्रावणात संपृक्ततेच्या दुप्पट पदार्थ असेल, तर क्रांतिक पुंजक्याची त्रिज्या येते सुमारे १.४ नॅनोमीटर आणि त्यात साधारण ५७ रेणू बसतात. चढायचा ऊर्जेचा घाट औष्णिक ऊर्जेच्या, म्हणजे त्या तापमानाला रेणूंना उष्णतेतून मिळणाऱ्या ऊर्जेच्या, २० पट भरतो. तो पार होण्याची शक्यता घातांकी नियमाने काढली तर जवळजवळ ४८ कोटींत एक.

आता तेच द्रावण चौपट संपृक्त करा. त्रिज्या निम्मी होऊन ०.७ नॅनोमीटर होते, रेणू उरतात ७ आणि घाट येतो औष्णिक ऊर्जेच्या फक्त ५ पटीवर. शक्यता होते १४८ मध्ये एक. प्रमाण दुप्पट केले आणि वेग तेहतीस लाख पट वाढला! बीकरमधले द्रावण तासन्‌तास काचेसारखे स्वच्छ राहते आणि मग डोळ्यांदेखत पांढरे होते, त्यामागे हाच हिशेब आहे.

हा सिद्धांत कोणाचा, आणि तो खरा आहे का?

पाया जे. विलर्ड गिब्ज यांनी १८७० च्या दशकात घातला. फोल्मर आणि वेबर यांनी १९२६ मध्ये त्याला वेगाचे गणित जोडले, बेकर आणि डोरिंग यांनी १९३५ मध्ये ते नीट बसवले. याला अभिजात न्यूक्लिएशन सिद्धांत म्हणतात.

कल सांगण्यात तो पक्का आहे. संपृक्तता वाढवली, पृष्ठताण कमी केला, तापमान बदलले तर काय होईल ते तो बरोबर सांगतो. आकडे सांगायची वेळ आली की मात्र तो अनेकदा कित्येक दशघातांनी चुकतो. वरच्याच उदाहरणात सात रेणूंचा पुंजका आला होता. सात रेणूंना गोल आकार कुठला आणि पृष्ठताण कुठला? त्यातला एकही रेणू धड आत नाही. मोठ्या स्फटिकावर मोजलेला पृष्ठताण एवढ्याशा पुंजक्याला लावणे हीच या सिद्धांताची दुखरी जागा. शिवाय तो असे धरून चालतो की पहिल्या पुंजक्यातसुद्धा रेणू मोठ्या स्फटिकासारखेच शिस्तीत बसलेले असतात. सेंद्रिय रेणूंच्या बाबतीत हे गृहीतक बऱ्याच वेळा टिकत नाही.

माझे मत असे की प्रयोगाची आखणी करायला हाच सिद्धांत घ्यावा आणि त्यातून निघालेल्या पृष्ठताणाला जुळवून घेतलेला आकडा समजावे. त्याला रेणूचा खरा गुणधर्म म्हणून प्रबंधात छापू नये.

दोन टप्प्यांचे न्यूक्लिएशन म्हणजे काय?

घनता आणि शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकाच वेळी याव्यात असे बंधन नाही. पीटर राइन टेन वोल्ड आणि डान फ्रेंकेल यांनी १९९७ मध्ये प्रथिनांसारख्या कणांचे संगणकीय सिम्युलेशन केले. त्यात रेणू आधी दाट पण विस्कळित थेंबात जमा होताना दिसले; स्फटिकाची मांडणी त्या थेंबाच्या पोटात नंतर उगवली. या वाटेने ऊर्जेचा घाट बराच खाली येतो. लायसोझाइमसारख्या प्रथिनांवरच्या प्रयोगांतून पीटर वेकिलोव्ह आणि इतरांनी अशाच वाटेचे पुरावे मांडले.

लहान सेंद्रिय रेणूंसाठी मला सर्वांत बोलका वाटतो तो इस्रायलच्या वाइझमन संस्थेतला, बोरिस रिब्चिन्स्की यांच्या गटाचा २०१८ चा अभ्यास. त्यांनी पेरिलीन डायइमाइड वर्गातले दोन रेणू घेतले, स्फटिकीभवन चालू असताना वेगवेगळ्या क्षणी द्रावण झटक्यात गोठवले आणि त्या पातळ काचबर्फातून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने प्रतिमा घेतल्या. आधी विस्कळित पुंजके, मग त्यांचे दाट होणे आणि त्यानंतर हळूहळू येणारी शिस्त असा क्रम त्यांना दिसला. दाटपणा आणि शिस्त पुढे हातात हात घालून वाढत गेल्या. ‘आज अस्फटिक, उद्या स्फटिक’ अशी एका रेषेवरची उडी तिथे नव्हती.

कारखान्यात काम करणाऱ्यांना यातला एक भाग अनुभवाने माहीत असतो. रिअ‍ॅक्टर थंड करताना पदार्थ स्फटिकाऐवजी तेलासारखा सुटतो, त्याला सगळे ‘ऑइलिंग आउट’ म्हणतात. डोळ्यांना दिसणारे ते तेल आणि नॅनोमीटरमधला दाट थेंब एकच आहेत असे सरसकट म्हणता येणार नाही. पण दोन्हींमध्ये रेणू शिस्तीच्या आधी गर्दी करतात हे खरे.

मग प्रत्येक सेंद्रिय रेणू याच वाटेने जातो का?

नाही. एकच रेणू एका द्रावकात सरळ वाटेने आणि दुसऱ्यात आडवाटेने जाऊ शकतो. संपृक्तता कमी असताना आणि तयार पृष्ठभाग मिळत असताना जुना सिद्धांत बऱ्यापैकी काम देतो.

बीजकण बनताना कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे का?

जवळजवळ. अडचण अशी की इलेक्ट्रॉनांचा झोत सेंद्रिय रेणूंना फार लवकर मोडतो. धातूचा नॅनोकण तासभर झोताखाली राहील. सेंद्रिय स्फटिकाची रचना थोड्याशा माऱ्याने विस्कटते. त्यात बीजकण कुठे आणि केव्हा बनणार हे आधी ठाऊक नसते, म्हणजे कॅमेरा कुठे रोखायचा हाच प्रश्न.

टोकियो विद्यापीठात एइइची नाकामुरा यांनी यावर वेगळी युक्ती काढली. रेणूला कार्बनच्या नळीत किंवा तिच्यावर बसवायचे. कार्बनची भिंत इतकी पातळ की आतला रेणू दिसतो, आणि तो रेणू पळूनही जात नाही. २००७ मध्ये त्यांच्या गटाने एकेका सेंद्रिय रेणूची हालचाल टिपून दाखवली. २०१२ मध्ये त्यांनी शिंगासारख्या निमुळत्या कार्बन नॅनोहॉर्नवर साच्याचा एकेक रेणू रासायनिक बंधाने जोडला आणि द्रावणातले रेणू त्याच्याभोवती कसे जमतात ते पाहिले. योग्य आकाराच्या एकाच रेणूभोवती स्फटिकाला पोषक पुंजका जमू शकतो, हे त्यातून पुढे आले. २०२१ चा त्यांचा प्रयोग मिठाचा होता, सेंद्रिय नव्हे, तरी तो इथे सांगायलाच हवा. थरथरणाऱ्या निमुळत्या कार्बन नळीच्या टोकाशी मिठाचा पुंजका आकारहीन आणि अर्धवट शिस्तीचा असा आलटून पालटून होत राहिला आणि मग एकदम चौकोनी स्फटिक उभे राहिले. एकाच नळीत हे पुन्हा पुन्हा घडताना व्हिडिओत टिपले गेले. प्रत्येक खेपेला तिथवर लागलेला वेळ निराळा होता.

वाढ पाहायची असेल तर अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप जास्त सोयीचा. त्यात इलेक्ट्रॉन नाहीत. एक अतिसूक्ष्म टोक स्फटिकाच्या पृष्ठभागावरून द्रावणातच फिरते आणि रेणूच्या उंचीची एकेक पायरी पुढे सरकताना दिसते. एखाद्या अशुद्ध रेणूने ती पायरी अडवली तर तेही दिसते.

आधीच बनलेल्या अगदी लहान स्फटिकांची रचना काढायची तर मायक्रो-ईडी हे तंत्र आले आहे. २०१८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की क्ष-किरणांसाठी फारच बारीक पडणाऱ्या औषधी भुकटीतूनही इलेक्ट्रॉन विवर्तनाने रेणूची रचना सुटते.

भांड्याच्या तळाला ओरखडा काढला की स्फटिक पडतात ते का?

बहुतेक बीजकण कशाच्या तरी आधाराने बनतात: धूळ, भांड्याची भिंत, बुडबुडा, गाळणीचा धागा. परका पृष्ठभाग पुंजक्याच्या एका बाजूची किंमत स्वतः भरतो, त्यामुळे घाट उतरतो. काचकांडीने घासल्यावर काचेचे ताजे कण सुटतात, काचेला खाचा पडतात, आणि भिंतीवर सुकून बसलेले सूक्ष्म स्फटिकही द्रावणात ढकलले जातात. खडीसाखरेच्या साच्यात दोरा याचसाठी सोडतात.

ढवळणाऱ्या टाकीत आणखी एक प्रकार असतो. आधीचे स्फटिक पंख्यावर आणि एकमेकांवर आपटतात आणि त्यांच्या अंगावरून बारीक तुकडे सुटून नवे बीज बनतात. याला दुय्यम न्यूक्लिएशन म्हणतात. मोठ्या रिअ‍ॅक्टरमधले बहुतेक कण याच मार्गाने आलेले असतात. प्रयोगशाळेत सुंदर आलेला दाणा प्लांटमध्ये पिठासारखा येतो, तेव्हा आधी ढवळण्याचा वेग आणि पंख्याचा आकार तपासावा.

साखर कारखान्यातले ‘सीडिंग’, म्हणजे तयार बीज घालणे, याच विषयात येते का?

नेमके. किंबहुना न्यूक्लिएशन हाताळण्याची कला महाराष्ट्रात सर्वांत जास्त कुठे जिवंत असेल तर ती पॅन स्टेशनवर, म्हणजे कारखान्यात सिरप आटवून दाणा वाढवतात तिथे. व्हॅक्यूम पॅनमध्ये सिरप निर्वातात, कमी तापमानाला आटवतात. सुक्रोजची, म्हणजे साखरेची, अतिसंपृक्तता साधारण १.२ पर्यंत (संपृक्त द्रावणाच्या १.२ पट) असेल तर असलेले दाणे वाढतात, नवे जन्मत नाहीत. १.२ ते १.३ या पट्ट्यात दाणे हजर असले की नवे जन्मू लागतात. १.३ च्या पुढे ते आपोआपच पडतात.

म्हणून अनुभवी पॅनमन नवा दाणा जन्मू देतच नाही. अल्कोहोलमध्ये दळलेल्या साखरेची स्लरी तो नेमक्या क्षणी पॅनमध्ये ओढतो, प्रूफ स्टिकने नमुना काढून काचेच्या पट्टीवर उजेडात धरतो आणि बोटाने पसरून दाणा पाहतो. त्या पट्टीवर मोठ्या दाण्यांमध्ये धुरळा दिसला की समजायचे फॉल्स ग्रेन, म्हणजे नको असलेले नवे दाणे, पडले. हे बारीक कण पुढे सेंट्रिफ्यूगलच्या जाळीतून मळीबरोबर निघून जातात किंवा जाळीच तुंबवतात. मग पाणी घेऊन ते विरघळवावे लागतात, म्हणजे वाफ आणि वेळ दोन्ही वाया.

बीज किती थोडे लागते त्याचा हिशेब करून पाहा. ५ मायक्रॉनचा कण वाढून अर्धा मिलीमीटर झाला तर व्यास १०० पट आणि वजन १० लाख पट होते. एकही कण वाया गेला नाही असे धरले तर १ ग्रॅम बीजातून १ टन साखर. प्रत्यक्षात कण विरघळतात, चिकटतात, म्हणून बीज जास्त घ्यावे लागते. पण नॅनोमीटरमधली नियतीची खेळी टाळून मायक्रॉनमधले तयार बीज देण्याचे मोल यातून कळते.

तूप कधी रवाळ, कधी गुळगुळीत का होते?

कढवलेले तूप सावकाश निवले तर उच्च वितळणबिंदूच्या स्निग्ध रेणूंचे मोजकेच बीजकण बनतात आणि ते मोठे होतात, तो रवा. लगेच फ्रिजमध्ये ठेवले तर असंख्य बीजकण एकदम बनतात, कोणालाच वाढायला माल उरत नाही आणि तूप लोण्यासारखे गुळगुळीत होते.

एकाच रेणूचे वेगवेगळे स्फटिक कसे काय?

रेणू तोच, मांडणी वेगळी. याला बहुरूपता म्हणतात आणि प्रत्येक मांडणीला पॉलिमॉर्फ. पॅरासिटॅमॉलचे नेहमीचे रूप एक नंबरचे; ते दाबून गोळी नीट बसत नाही, बाइंडर घालावा लागतो. दोन नंबरच्या रूपात रेणूंचे थर एकमेकांवरून घसरतात म्हणून ते छान दाबले जाते, पण ते कमी स्थिर आहे. कोको बटरची सहा रूपे मानतात. त्यातले पाचवे, सुमारे ३४ अंशांना वितळणारे, चॉकलेटला चकाकी आणि खटकन मोडण्याचा गुण देते. चॉकलेट बनवणारे टेम्परिंग करतात ते याच रूपाचे बीज तयार व्हावे म्हणून.

विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८९७ मध्ये एक निरीक्षण मांडले: सर्वांत स्थिर रूप सहसा आधी येत नाही, जवळचे आणि कमी स्थिर रूप आधी येते. पृष्ठताण ज्याचा कमी, त्याचा घाट लहान, म्हणून ते शर्यत जिंकते. हा नियम नव्हे, कल आहे, आणि त्याला अपवाद भरपूर.

या विषयातला सर्वांत बोधप्रद प्रसंग रिटोनाव्हिरचा. हे एचआयव्हीवरचे औषध अ‍ॅबट कंपनीने १९९६ मध्ये कॅप्सूलच्या रूपात आणले. रेणूचे एकच स्फटिकरूप माहीत होते. १९९८ मध्ये काही बॅचेस विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. कॅप्सूलमध्ये एक नवे, जास्त स्थिर आणि त्यामुळे खूपच कमी विरघळणारे रूप तयार झाले होते. कॅप्सूल बाजारातून काढावी लागली, रुग्णांना काही काळ पातळ औषधावर भागवावे लागले आणि शेवटी फ्रिजमध्ये ठेवायची नवी कॅप्सूल आली. त्या दिवसांत जिथे नवे रूप एकदा पोचले, तिथे जुने रूप शुद्ध मिळवणे कठीण होऊन बसले. डोळ्यांना न दिसणारे बीज कपड्यावर, हवेत, उपकरणात राहू शकते, आणि एवढेसे बीज पुरते. जे. डी. डुनिट्झ आणि जोएल बर्नस्टाइन यांनी १९९५ मध्ये अशा ‘नाहीशा होणाऱ्या’ रूपांवर लेख लिहिला होता. तीन वर्षांत उद्योगाला त्याची किंमत कळली.

नवे स्फटिकरूप सापडले तर भारतात पेटंट मिळते का?

नुसते नवे रूप पुरत नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर पेटंट कायद्याचे कलम ३(ड) सांगते की माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाने परिणामकारकता वाढली पाहिजे. रक्ताच्या कर्करोगावरच्या इमॅटिनिब मेसिलेटचे बीटा स्फटिकरूप याच कारणावर अडले. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिसचे अपील फेटाळले. चांगला प्रवाहीपणा, ओल कमी धरणे, जास्त स्थिरता हे गुण उपचाराची परिणामकारकता नव्हेत, असे न्यायालयाने ठरवले. मला हा निकाल योग्य वाटतो, कारण ते गुण उत्पादकाच्या सोयीचे आहेत.

नॅनो आकाराच्या छिद्रात स्फटिक वाढवले तर काय बदलते?

क्रांतिक आकारापेक्षा छिद्र लहान असेल तर स्फटिक तिथे बनूच शकत नाही. त्याहून जरा मोठे असेल तर स्थिरतेचा क्रम उलटू शकतो, कारण लहान कणात पृष्ठभागाचा वाटा मोठा आणि ज्या रूपाचा पृष्ठभाग स्वस्त ते बाजी मारते. मायकेल वॉर्ड यांच्या गटाने ग्लायसिनवर हे सुरेख दाखवले. ग्लायसिनचे बीटा रूप एरवी टिकत नाही, पटकन दुसऱ्या रूपात जाते. नॅनोछिद्रांच्या काचेत आणि पॉलिमरमध्ये मात्र तेच रूप बनले आणि टिकून राहिले. म्हणजे ‘कोणते रूप स्थिर’ या प्रश्नाला आकार सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

औषधाचे नॅनोस्फटिक केले की ते जास्त विरघळते, हे खरे का?

अर्धे खरे. लहान कणाची विद्राव्यता वाढते, पण किती? वरचेच आकडे वापरले तर १०० नॅनोमीटर त्रिज्येच्या कणाची विद्राव्यता मोठ्या स्फटिकापेक्षा अवघी १ टक्क्याने जास्त निघते. १० नॅनोमीटरला ती १० टक्क्यांच्या आसपास जाते. खरा फायदा वेगाचा आहे: १० मायक्रॉनचे कण दळून २०० नॅनोमीटरचे केले की तेवढ्याच वजनाचा पृष्ठभाग ५० पट होतो. अवयव प्रत्यारोपणानंतर देतात त्या सिरोलिमसच्या गोळीला २००० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. नॅनोस्फटिकांवर बेतलेले ते पहिले बाजारू औषध.

या कणांना पुन्हा मोठे होण्यापासून रोखावे लागते. लहान विरघळतात आणि मोठ्यांवर जाऊन बसतात. म्हणून त्यांच्यावर पॉलिमर किंवा सर्फॅक्टंटचा (साबणासारख्या पृष्ठभागावर बसणाऱ्या पदार्थाचा) थर चढवतात.

शरीरात असे स्फटिक बनतात का?

बनतात, आणि तिथे ते रोखणे हेच औषध असते. गाउट या सांध्यांच्या दुखण्यात युरेटचे (युरिक आम्लाच्या क्षाराचे) सुईसारखे स्फटिक सांध्यात बसतात. पायाचा अंगठा शरीराच्या मध्यापेक्षा थंड असतो आणि थंडीत युरेट कमी विरघळते. मलेरियाचा परजीवी हिमोग्लोबिन खातो तेव्हा सुटणारे हीम त्याला विषारी असते, म्हणून तो त्याचे हिमोझोइन नावाचे स्फटिक करून ठेवतो. क्लोरोक्विन ही वाढ अडवते आणि परजीवी स्वतःच्याच उरलेल्या हीमने मरतो. सिस्टिनच्या मुतखड्यांवर न्यूयॉर्क विद्यापीठाच्या गटाने २०१० मध्ये दाखवले की सिस्टिनशी साधर्म्य असलेला एक रेणू स्फटिकाच्या पायऱ्यांवर चिकटतो आणि वाढ थांबवतो. हे त्यांनी अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपखाली पायरी अडखळताना पाहून सिद्ध केले.

लेझरने बीजकण पाडता येतात म्हणतात, ते कसे?

१९९६ मध्ये ब्रुकलिनमध्ये ब्रूस गॅरेट्झ आणि सहकाऱ्यांनी युरियाच्या अतिसंपृक्त द्रावणावर अवरक्त लेझरचे झोत टाकले. युरिया तो प्रकाश शोषत नाही, तरी स्फटिक पडले आणि सुरुवातीच्या सुया प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राच्या दिशेत होत्या. झोत रेणूंना एका दिशेत वळवतो की सूक्ष्म मळ तापवून बुडबुडा काढतो, यावर संशोधकांत अजून वाद आहे.

संगणकाने आधीच सांगता येत नाही का?

कोणती रूपे संभवतात आणि त्यातले कोणते स्थिर, हे आता बरेच सांगता येते. केंब्रिज क्रिस्टलोग्राफिक डेटा सेंटर १९९९ पासून यासाठी अंधचाचण्या, म्हणजे खरी रचना आधी न सांगता घेतलेल्या परीक्षा, घेत आहे, आणि त्यांच्या संग्रहातल्या रचनांनी २०१९ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला. पण कोणते रूप आधी जन्मेल हे सांगणे फार अवघड आहे. सिम्युलेशन साधारणतः मायक्रोसेकंदांपर्यंत धावते आणि द्रावणातला घाट ओलांडायला मिनिटे, तास लागतात. मग संशोधक घटनेला कृत्रिम ढकल देतात, आणि कोणत्या बाजूने ढकलले यावर उत्तर थोडेफार अवलंबून राहते.

मला स्वतः मोजायचे आहे. सुरुवात कशी करू?

एका मोठ्या बीकरने करू नका. न्यूक्लिएशन हा योगायोगाचा खेळ आहे. एकाच द्रावणाच्या एकसारख्या बाटल्यांतही स्फटिक वेगवेगळ्या वेळी पडतात. पॅरासिटॅमॉल किंवा ग्लायसिन घ्या, द्रावण गरम असताना ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा आणि शक्य तितक्या लहान बाटल्यांत सारखे भरा. गाळणी आणि बाटल्या आधी गरम करा, नाहीतर स्फटिक गाळणीतच पडतील. सगळ्या एकदम एकाच तापमानाला आणा आणि प्रत्येकीत पहिली गढूळ झाक केव्हा आली ते लिहून ठेवा.

मग दर वेळेला अजून स्वच्छ असलेल्या बाटल्यांचे प्रमाण काढा आणि त्याच्या लॉगरिदमचा वेळेशी आलेख काढा. सरळ रेषा आली तर तिचा उतार भागिले बाटलीतले आकारमान म्हणजे न्यूक्लिएशनचा वेग. रेषा सुरुवातीला वाकलेली दिसली तर काही बाटल्यांत धूळ जास्त आहे किंवा तापमान अजून स्थिर झालेले नाही. त्या बाटल्यांची टोपणे आणि तळ भिंगाखाली पाहा. तोच प्रयोग दोन-तीन संपृक्ततांना केला की वेगाच्या लॉगरिदमचा, संपृक्ततेच्या लॉगरिदमच्या वर्गाच्या व्यस्ताशी आलेख काढून पृष्ठताण मिळतो. तो १० मिलीजूल प्रति चौरस मीटरपेक्षा बराच कमी आला तर बीजकण बहुधा धुळीवर किंवा काचेवर बनत आहेत, आणि पुढचा प्रयोग बाटल्या बदलून करायचा.